वाचवलं, पण उतरवायचं कुठे?

समुद्रात बोट उलटली, एवढे बुडाले, एवढे बेपत्ता, अशी बातमी आली की खाली दोन ठरलेल्या कमेंट पडतात. एक, "आल्या वाटेनं परत पाठवा." दुसरी, "माणुसकी मेली का?" दोन्ही लिहिणारे आपल्यासारखे जमिनीवर बसलेले असतात. त्या वेळी समुद्रावर मात्र एक तिसरा माणूस असतो. जवळून चाललेल्या एखाद्या मालवाहू जहाजाचा कॅप्टन. त्याच्यापुढचा प्रश्न फार साधा असतो. ही माणसं वर घेतो, पण उतरवायची कुठे?

आज जरा लांबलचक लिहितोय, मंडळी. जगातल्या देशांनी एकदा या प्रश्नाचं उत्तर खरोखर शोधलं होतं. ते कसं सापडलं, किती काळ चाललं आणि हातचं कसं गेलं, हे समजून घेतल्याशिवाय आजच्या बातम्या नीट कळत नाहीत, असं माझं मत आहे.

आधी कायदा बघू. समुद्रात संकटात सापडलेल्या माणसाला वाचवणं कॅप्टनवर बंधनकारक आहे. १९१० च्या ब्रुसेल्स करारात हे लिहिलं गेलं. १९१२ ला टायटॅनिक बुडालं, त्यानंतर १९१४ ला सागरी सुरक्षेचा पहिला मोठा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याला 'सोलास' म्हणतात. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या करारातही हेच कलम आहे. बुडणारा कुठल्या देशाचा, त्याच्याकडे पासपोर्ट आहे की नाही, हे विचारत बसायची मुभा कॅप्टनला नाही. कोकणातल्या, गोव्यातल्या कितीतरी घरांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या जहाजावर आहेत. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर विचारून बघा. बुडत्याला सोडून जाणं खलाशाच्या लेखी काय असतं, ते तो सांगेल.

पण या सगळ्या कायद्यात एक मोठं भोक होतं. वाचवलेल्या माणसाला आपल्या बंदरात उतरू द्यायलाच हवं, असं बंधन कुठल्याही देशावर नव्हतं. कॅप्टननं घ्यायचं हे पक्कं, बंदरानं उतरवून घ्यायचं की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. त्यात जहाज एक दिवस जरी अडकून पडलं तरी मालकाचं मोठं नुकसान. माल वेळेत पोचत नाही, खाणंपिणं संपतं, मालकाचे फोन सुरू होतात. मग काय होतं? काही कॅप्टन थांबतात. काही दुर्बीण खाली ठेवतात आणि दुसरीकडे बघत निघून जातात.

हे भोक सगळ्या जगाला दिसलं ते व्हिएतनाममुळे.

३० एप्रिल १९७५ ला सायगॉन पडलं आणि व्हिएतनाम युद्ध संपलं. अमेरिकेच्या बाजूची सुमारे १ लाख ३० हजार माणसं त्याच वर्षी देश सोडून अमेरिकेत गेली. जुन्या सरकारचे सैनिक, अधिकारी मागे राहिले, त्यांना 'पुनर्शिक्षणा'च्या छावण्यांत टाकलं गेलं. शहरातल्या लोकांना 'नव्या आर्थिक क्षेत्रां'त, म्हणजे पडीक रानात, शेती करायला पाठवलं गेलं. मार्च १९७८ मध्ये दक्षिणेतला खासगी व्यापार सरकारनं ताब्यात घेतला. हा व्यापार मोठ्या प्रमाणात चिनी वंशाच्या लोकांच्या हातात होता. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत चीन आणि व्हिएतनामचं युद्ध पेटलं आणि या लोकांना देशात राहणं अवघड झालं.

मग लोक होड्यांत बसले. नदीतल्या आणि किनाऱ्यालगतच्या मासेमारीच्या होड्या, खुल्या समुद्रासाठी बांधलेल्याच नव्हेत. जायला मिळावं म्हणून अधिकाऱ्यांना आणि दलालांना सोनं मोजावं लागायचं. सरकारला नको असलेली माणसंही जात होती आणि वर सोनंही मिळत होतं. जगानं त्यांना नाव दिलं 'बोट पीपल'.

नोव्हेंबर १९७८ मध्ये 'हाय हाँग' नावाचं एक जुनाट मालवाहू जहाज मलेशियाच्या पोर्ट क्लांग बंदराबाहेर येऊन उभं राहिलं. आत सुमारे २५०० माणसं. मलेशिया म्हणालं, हे निर्वासित नाहीत, हे सोनं देऊन तिकीट काढून आलेले प्रवासी आहेत, उतरू देणार नाही. संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था, यूएनएचसीआर, म्हणाली की पैसे देऊन पळाला म्हणून माणूस निर्वासित राहत नाही असं नाही. वाद सुरू आणि माणसं जहाजावरच. शेवटी कॅनडानं सुमारे ६०० जणांना, पश्चिम जर्मनीच्या एका राज्यानं १००० जणांना घ्यायची तयारी दाखवली, फ्रान्स वगैरे देश पुढे आले आणि मग माणसं जहाजावरून उतरून विमानात बसली.

या प्रकरणातून एक गोष्ट स्पष्ट झाली. मलेशियाचा दरवाजा कुणी भाषण केलं म्हणून उघडला नाही. "ही माणसं तुमच्याकडे कायमची राहणार नाहीत, आम्ही नेतो," असं तिसऱ्या कुणीतरी लेखी सांगितलं, म्हणून उघडला.

पण हा झाला एका जहाजाचा निकाल. होड्या हजारोंनी येत होत्या. एकट्या जून १९७९ मध्ये ५४ हजारांहून अधिक माणसं बोटीनं आग्नेय आशियाच्या किनाऱ्यांना लागली. मलेशियातलं पुलाउ बिडाँग हे जेमतेम एक चौरस किलोमीटरचं बेट, त्यावर ४० हजारांच्या आसपास माणसं कोंबलेली. आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव उचलून एका टेकडीवर ठेवल्यासारखं. पाणी बाहेरून आणायचं, तांदूळ बाहेरून आणायचा. आधीच्या सहा महिन्यांत हिशेब असा होता की छावणीतून एक माणूस दुसऱ्या देशात गेला की मागून तीन नवे येत.

त्या जूनच्या अखेरीला इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपिन्स, सिंगापूर आणि थायलंड, म्हणजे तेव्हाच्या 'आसियान'च्या पाचही देशांनी एकत्र जाहीर केलं की आमची सहनशक्ती संपली, यापुढे नवीन माणूस घेणार नाही. मलेशियानं तर आलेल्या होड्या दोरानं ओढून परत समुद्रात सोडायला सुरुवात केली होती. या पाचातल्या एकाही देशानं तेव्हा १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नव्हती. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं होतं असंही नाही. युद्ध अमेरिकेनं, फ्रान्सनं, चीननं, रशियानं लढवलं, आणि ओझं आमच्या किनाऱ्यावर का?

बंदरं बंद झाल्याचा परिणाम थेट समुद्रावर झाला. उतरवू देणार नाहीत हे माहीत झाल्यावर जहाजं थांबेनाशी झाली. होडीतले लोक हात हलवत राहायचे, कपडे पेटवून खुणा करायचे, जहाज निघून जायचं.

आता येतो मुद्द्याचा भाग. २० आणि २१ जुलै १९७९ ला जिनिव्हात ६५ देशांची परिषद भरली. बोलावणारे होते संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कुर्ट वाल्डहाइम. दोन दिवसांत जो व्यवहार ठरला, तो मला या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा धडा वाटतो. व्यवहार हा शब्द मुद्दाम वापरतोय, कारण प्रत्येकानं काहीतरी दिलं आणि काहीतरी घेतलं.

किनाऱ्यावरच्या देशांनी कबूल केलं की होड्या परत ढकलणार नाही, तात्पुरता आसरा देऊ. श्रीमंत देशांनी कबूल केलं की छावणीतली माणसं आम्ही कायमची घेऊ. आधी वर्षाला सव्वा लाख लोकांना घ्यायची तयारी होती, ती २ लाख ६० हजारांवर गेली. अमेरिकेनं महिन्याला ७ हजारांचा आकडा परिषदेच्या आधीच १४ हजारांवर नेला होता. सुमारे १६ कोटी डॉलरची रोख आणि वस्तुरूप मदत जाहीर झाली. इंडोनेशिया आणि फिलिपिन्सनं आपल्या जमिनीवर मोठी प्रक्रिया केंद्रं उघडली. आणि ज्या देशातून माणसं पळत होती, तो व्हिएतनामही टेबलावर होता. त्यानं बेकायदा होड्या रोखण्याचं मान्य केलं. ज्यांना रीतसर जायचं आहे त्यांच्यासाठी 'ऑर्डरली डिपार्चर प्रोग्रॅम', म्हणजे व्हिसा घेऊन विमानानं जायची सोय, त्याआधी मे महिन्यातच ठरली होती. पुढच्या काळात या मार्गानं साडेसहा लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली. त्यांना होडीत बसायची गरजच पडली नाही.

आणि कॅप्टनचं काय? त्याचंही उत्तर निघालं. जहाजावर ज्या देशाचा झेंडा, त्या देशानं वाचवलेल्यांना घ्यावं, अशी बंदरांची अपेक्षा असे. सिंगापूर तर ९० दिवसांत यांना दुसरा देश नेईल अशी हमी असल्याशिवाय उतरूच देत नसे. पण जहाजं पनामाच्या, लायबेरियाच्या झेंड्याखाली चालतात. ते देश हमी कुठून देणार? म्हणून ऑगस्ट १९७९ मध्ये अमेरिकेसह आठ देशांनी मिळून हमीचा एक सामाईक साठाच केला. योजनेचं नाव 'डिसेरो'. ज्या जहाजाच्या झेंड्याचा देश निर्वासितांना वसवून घेत नाही, त्यानं वाचवलेली व्हिएतनामी माणसं या आठ देशांपैकी कुणीतरी नेणार. १९८५ मध्ये 'रासरो' नावाची पूरक योजना आली. कॅप्टनला आता बंदराला सांगता येत होतं की हमी आहे, उतरवून घ्या.

जिनिव्हानंतरच्या दीड वर्षात साडेचार लाखांहून अधिक माणसं आग्नेय आशियातल्या छावण्यांतून दुसऱ्या देशांत गेली. १९७५ ते १९९० या काळात सुमारे ६७ हजार व्हिएतनामी माणसं भर समुद्रातून वाचवली गेली. पत्रकार रुपर्ट नॉयडेक यांनी जर्मनीत लोकवर्गणी काढून 'काप आनामुर' नावाचं जहाज पाठवलं, त्यानं एकट्यानं दहा हजारांहून अधिक लोक वाचवले. कॅनडात तर चर्च, गल्लीतले शेजारी, कामगार संघटना एकेका कुटुंबाचा एक वर्षाचा खर्च उचलायला पुढे आल्या. १९७९ आणि १९८० मिळून कॅनडानं ६० हजार माणसं वसवली. १९८६ चं नान्सेन पदक यूएनएचसीआरनं कुणा एका व्यक्तीला न देता कॅनडाच्या जनतेला दिलं.

हे सगळं फार गोड वाटू नये म्हणून दुसरी बाजूही सांगतो.

एक तर सगळे देश काही दयेपोटी आले नव्हते. शीतयुद्ध चालू होतं. कम्युनिस्ट राजवटीतून पळालेला प्रत्येक माणूस अमेरिकेच्या प्रचाराला कामाचा होता. दुसरं, समुद्रावर चाचे होते. १९८१ मध्ये थायलंडला पोचलेल्या ४५२ होड्यांपैकी ३४९ वर हल्ले झाले, तेही सरासरी तीन-तीन वेळा. ८८१ माणसं मेली किंवा बेपत्ता झाली, शेकडो बायकांवर बलात्कार झाले. १९८२ मध्ये १२ देशांनी पैसे घालून थायलंडच्या मदतीनं चाचेगिरीविरोधी मोहीम काढली, तिचा परिणाम दिसायला वेळ लागला.

तिसरं म्हणजे, होडीत बसलं की अमेरिका किंवा ऑस्ट्रेलिया मिळतेच, असा समज पक्का झाला. छळ सोसलेले आणि चांगल्या जगण्याच्या ओढीनं निघालेले एकाच होडीत येऊ लागले. १९८७-८८ ला आकडे पुन्हा चढले. हाँगकाँग गच्च भरलं. श्रीमंत देश कंटाळले, माणसं नेण्याचा वेग मंदावला. तो वेग मंदावताच किनाऱ्यावरचे देश पुन्हा होड्या ढकलू लागले. सांधा तोच, निखळला तोही तिथेच.

म्हणून जून १९८९ मध्ये जिनिव्हात दुसरी परिषद झाली. तिथं 'सर्वंकष कृती आराखडा' ठरला. १४ मार्च १९८९ ही कटऑफ तारीख, हाँगकाँगसाठी त्याआधीची १६ जून १९८८. त्यापूर्वी आलेले सगळे तिसऱ्या देशात जाणार. नंतर आलेल्यांची एकेकाची छाननी होणार. छळ सिद्ध झाला तर आश्रय, नाही तर परत व्हिएतनाम. परत गेलेल्यांना व्हिएतनाम शिक्षा करणार नाही, यूएनएचसीआरची माणसं त्यांच्या गावी जाऊन बघणार आणि नव्यानं बसायला थोडी मदत देणार.

हा आराखडा सात वर्षं चालला. १९८९ मध्ये सुमारे ७० हजार व्हिएतनामींनी आश्रय मागितला होता. १९९२ मध्ये हा आकडा ४१ झाला. हजार नव्हे, नुसते ४१. एक लाख नऊ हजारांच्या वर माणसं परत गेली. पण किंमतही मोजावी लागली. छाननीत पैसे मागितल्याच्या तक्रारी झाल्या. डिसेंबर १९८९ मध्ये हाँगकाँगनं ५१ जणांना, त्यात बायकापोरंही होती, रात्रीच्या अंधारात पोलीस लावून विमानात बसवलं, त्यावर जगभर आरडाओरडा झाला. कितीतरी मुलं तारेच्या कुंपणाआड जन्मली आणि तिथंच मोठी झाली. तरीही माझं मत सांगतो. परत पाठवणंसुद्धा एका मोठ्या व्यवहाराचा भाग होतं. छाननी होती, परतल्यावर लक्ष ठेवणारं कुणी होतं, आणि ज्यांना खरंच धोका होता त्यांच्यासाठी दार उघडं होतं. १९७५ ते १९९५ या वीस वर्षांत होडीनं आलेले जवळपास आठ लाख लोक कुठे ना कुठे मार्गी लागले. बुडालेल्यांची मोजदाद मात्र कुणी ठेवली नाही.

१९९६ मध्ये आराखडा गुंडाळला गेला. शीतयुद्ध संपलं होतं, पळून येणाऱ्या माणसाचा प्रचारासाठी उपयोग उरला नव्हता. मग काय झालं ते बघा.

त्याच वर्षी नाताळच्या रात्री माल्टा आणि सिसिलीच्या मध्ये एक होडी बुडाली आणि २८० हून अधिक माणसं गेली. ही माणसं भारत, पाकिस्तान आणि श्रीलंकेतली होती. दलालांना पैसे देऊन युरोपात निघालेली आपल्याकडची पोरं. इटलीच्या यंत्रणेनं बराच काळ हे घडल्याचंच मानलं नाही. पोर्तोपालो गावच्या मच्छीमारांच्या जाळ्यात प्रेतं येत होती आणि ते ती गुपचूप परत समुद्रात टाकत होते, कारण बंदरात कळवलं की चौकशीत ट्रॉलर अडकून पडायचा आणि धंद्याचे दिवस बुडायचे. २००१ मध्ये जाळ्यात सापडलेल्या एका ओळखपत्रावरून एका मच्छीमारानं वृत्तपत्राला खबर दिली, तेव्हा समुद्रतळावरच्या होडीची छायाचित्रं जगानं पाहिली. हे वाचून त्या मच्छीमारांना शिव्या घालणं सोपं आहे. पण समुद्रातली गोष्ट किनाऱ्यावर आणणाऱ्यालाच दंड बसत असेल तर कितीजण आणतील?

ऑगस्ट २००१. नॉर्वेचं 'टॅम्पा' हे कंटेनर जहाज ऑस्ट्रेलियाजवळून चाललं होतं. ऑस्ट्रेलियाच्याच बचाव केंद्राच्या हाकेला ओ देऊन कॅप्टन आर्ने रिनान यांनी बुडत्या इंडोनेशियन होडीतून ४३३ प्रवासी वर घेतले, बहुतेक अफगाण हजारा. जहाजावरचे कर्मचारी २७. जवळचं बंदर ऑस्ट्रेलियाचं ख्रिसमस बेट. ऑस्ट्रेलियानं सांगितलं, उतरवता येणार नाही. जहाजावर लोक आजारी पडू लागले तेव्हा कॅप्टन ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत शिरले, आणि ऑस्ट्रेलियानं डॉक्टरांऐवजी आधी कमांडो चढवले. शेवटी न्यूझीलंडनं १३० च्या आसपास लोकांना घेतलं आणि बाकीच्यांना नाउरू नावाच्या चिमुकल्या बेटावर नेऊन ठेवलं. पुढच्या वर्षी नान्सेन पुरस्कार टॅम्पाच्या कॅप्टनला, कर्मचाऱ्यांना आणि मालक कंपनीला मिळाला.

टॅम्पानंतर कायद्यातलं भोक बुजवायचा प्रयत्न झाला. २००४ मध्ये दुरुस्ती झाली, २००६ पासून ती लागू आहे. ज्याच्या बचाव क्षेत्रात माणसं सापडली, त्या देशानं ती 'सुरक्षित ठिकाणी' उतरतील हे बघायचं. बघायचं म्हणजे समन्वय करायचा. स्वतःच्या बंदरात घ्यायलाच हवं, असं तिथंही लिहिलेलं नाही. माल्टानं तर ही दुरुस्ती मान्यच केली नाही.

त्या काळात देशांचं सहकार्य थांबलं होतं असं मुळीच नाही. २००० मध्ये माणसांच्या चोरट्या वाहतुकीविरुद्ध संयुक्त राष्ट्रांचा प्रोटोकॉल झाला. त्यात एक चांगली गोष्ट होती. शिक्षा दलालाला, नेलं गेलेल्या माणसाला नाही. २००२ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशियानं 'बाली प्रोसेस' सुरू केली. बैठका झाल्या, प्रशिक्षणं झाली, पोलिसांनी पोलिसांना माहिती दिली. पण या सगळ्या सहकार्याचा भर कशावर? होडी निघूच नये यावर. निघालेली होडी कुठे लागावी, यावर फारसं कुणी बोललं नाही.

युरोपातही तेच. ३ ऑक्टोबर २०१३ ला लाम्पेदुसा बेटाजवळ ३६० हून अधिक माणसं बुडाल्यावर इटलीनं 'मारे नोस्ट्रुम' ही नौदलाची मोहीम काढली. वर्षभरात दीड लाखाच्या आसपास लोक वाचले. खर्च महिन्याला सुमारे ९० लाख युरो. इटली इतर देशांना सांगत राहिली की पैसे द्या, माणसं वाटून घ्या. कुणी पुरेसं ऐकलं नाही आणि ऑक्टोबर २०१४ अखेर मोहीम बंद झाली. समुद्रातून पकडलेल्यांना इटलीनं स्वतः लिबियात नेऊन सोडणं बेकायदा आहे, असा निकाल युरोपच्या मानवाधिकार न्यायालयानं २०१२ मध्येच दिला होता. त्यावर २०१७ मध्ये तोडगा निघाला. लिबियाच्या तटरक्षक दलाला बोटी द्या, प्रशिक्षण द्या, माणसं तेच पकडून परत नेतील. हेही आंतरराष्ट्रीय सहकार्यच. फक्त पकडलेला माणूस लिबियाच्या कोंडवाड्यात जातो. २०१४ पासून भूमध्य समुद्रात ३० हजारांहून अधिक माणसं मेली किंवा बेपत्ता झाली, अशी आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेची नोंद आहे.

आता आपल्या जवळच्या समुद्रात येऊ. मे २०१५ मध्ये थायलंड-मलेशिया सीमेवरच्या जंगलात दलालांच्या छावण्या आणि माणसांच्या सामूहिक कबरी सापडल्या. थायलंडनं धरपकड सुरू केली, तसे दलाल हजारो रोहिंग्या आणि बांगलादेशी लोकांना अंदमान समुद्रात होड्यांतच टाकून पळाले. मलेशिया, इंडोनेशिया आणि थायलंड होड्यांना पाणी, डिझेल देऊन एकमेकांकडे ढकलत राहिले. बाली प्रोसेसला तेरा वर्षं झाली होती, तिचा या वेळी उपयोग झाला नाही. माणसांना किनाऱ्यावर आणलं ते सुमात्राच्या आचे प्रांतातल्या मच्छीमारांनी. होडी बुडत असल्याशिवाय मदत करू नका, असं त्यांना लष्करानं बजावलं होतं. पण त्यांच्याकडे समुद्राचा जुना रिवाज आहे, तो सांभाळणारा 'पांगलिमा लाओत' म्हणजे दर्याचा मुखिया आहे, आणि त्या रिवाजात बुडत्याला घ्यावंच लागतं.

२० मे ला मलेशिया आणि इंडोनेशियानं शेवटी मान्य केलं. ७ हजार लोकांना तात्पुरता आसरा देऊ. अट एकच, जगानं एका वर्षात यांना दुसरीकडे वसवावं किंवा घरी पाठवावं. १९७९ चाच व्यवहार, छोट्या आकारात. जगानं ती अट वेळेत पुरी केली नाही. त्याचा परिणाम २०२० मध्ये दिसला. कोविडच्या काळात मलेशियानं रोहिंग्यांच्या होड्या परत फिरवल्या. त्यातली एक होडी जवळपास दोन महिने समुद्रात भटकली, एप्रिलमध्ये बांगलादेशच्या तटरक्षकांनी सुमारे ४०० अर्धमेली माणसं उतरवून घेतली. एकदा दिलेला शब्द मोडला की पुढच्या वेळी बंदर उघडत नाही.

फेब्रुवारी २०२१ मध्ये तर प्रश्न आपल्याच दारात आला. बांगलादेशातल्या कॉक्स बाजारहून निघालेली रोहिंग्यांची होडी इंजिन बिघडून अंदमान समुद्रात तरंगत होती. आपल्या तटरक्षक दलानं तिला गाठलं. ८१ जिवंत, ८ मृत. आपल्या जवानांनी अन्न, पाणी, औषधं दिली, त्यांचं काम त्यांनी केलं. पण उतरवायचं कुठे? भारताचं म्हणणं, बांगलादेशनं परत घ्यावं. बांगलादेशचं म्हणणं, हे आमचे नागरिक नाहीत. म्यानमार त्यांना आपलं मानतच नाही.

अरबी समुद्रातल्या बचावाचं समन्वय केंद्र आपल्या मुंबईत आहे, तटरक्षक दल ते चालवतं. म्हणजे हा विषय फक्त इटली आणि मलेशियाचा नाही. भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. करावी की नाही, यावर दोन मतं असू शकतात. पण १९७९ ला आसियानच्या एकाही देशानं सही केलेली नव्हती, तरी व्यवहार झाला, हेही लक्षात ठेवलेलं बरं.

"सगळ्यांना घ्या" म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की १९८९ ला छाननी आणि परत पाठवणं आलं नसतं, तर बंदरं कायमची बंद झाली असती. "सगळ्यांना हाकला" म्हणणाऱ्यांना सांगेन की हाकलून होड्या कमी झाल्या नाहीत. त्या कमी झाल्या जेव्हा पाठवणारा देश टेबलावर बसला, रीतसर जायचा रस्ता उघडला आणि ओझं वाटलं गेलं तेव्हा.

पुढच्या वेळी एखादा "ऐतिहासिक स्थलांतर करार" झाल्याची बातमी वाचाल, तेव्हा तीन गोष्टी शोधून बघा. वाचवलेली माणसं कुठल्या बंदरात उतरणार, हे नावानिशी लिहिलंय का? त्या बंदराच्या देशाला पैसे आणि माणसं वाटून घ्यायची हमी कुणी दिलीय का? आणि परत पाठवलेल्याला तिथं कोण जाऊन बघणार, हे ठरलंय का? तिन्ही नसतील तर करार कितीही जाड असो, कॅप्टन आजही तोच प्रश्न घेऊन उभा आहे.

कुणाच्या घरात जहाजावर काम केलेलं कुणी असेल आणि असा प्रसंग त्यांनी पाहिला असेल, तर खाली जरूर लिहा. वाचायला आवडेल.